एक पावसाळा काढू दे

आमच्या इमारतीखाली सकाळी सव्वासातला उभं राहून वर बघणारा माणूस तीनच प्रकारचा असू शकतो. एक, महापालिकेचा. दोन, बिल्डरचा. तीन, वरून कुणी किल्ली टाकेल म्हणून थांबलेला. हे गृहस्थ तिन्हींत बसेनात. खांद्याला शबनम, हातात वाण्याच्या दुकानात असते तसली लाल कापडी बांधणीची लांब वही, आणि नजर तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर. वॉचमननं त्यांना पालिकेचे समजून आधीच चहा पाजला होता.

मी दुधाच्या पिशव्या घेऊन जिन्याकडे वळलो तर त्यांनी अडवलं.

"तिसरा मजला तुमचाच ना? कपड्यांवर ऊन किती वाजता येतं?"

माझा जन्म त्या घरातला. तोवर आयुष्यातली चाळीस वर्षं मी त्याच दोरीवरचे कपडे घातले होते. मी म्हटलं, "येतं की."

"पावणेदहाला," ते म्हणाले. "समोरची इमारत आड येते. मागच्या रविवारी बघून ठेवलंय. तुम्हाला आपलं पडताळ्यासाठी विचारलं."

ही गोष्ट २००३ सालच्या मे महिन्यातली. गृहस्थ डोंबिवलीचे, एका बँकेच्या तपासणी खात्यात नोकरीला. शिवाजी पार्कला राहायला यायचं त्यांनी ठरवलं होतं. घाई काही नव्हती. "आधी वस्ती नीट समजून घेऊ. एक पावसाळा काढू दे," असं ते त्या दिवशी जिन्यात म्हणाले. त्यांचं खरं आडनाव मी इथं लिहीत नाही. बायकोनं त्याच दुपारी त्यांना 'पाहणीकर' हे नाव ठेवलं आणि आजतागायत आमच्या घरात तेच चालतं.

माझ्या आजोबांनी हीच जागा १९३८ साली वीस मिनिटांत पसंत केली होती, असं घरात सांगत. त्या वीस मिनिटांतली पंधरा मालकाशी गावाकडच्या आंब्यांबद्दल बोलण्यात गेली. पालिकेनं मैदान लोकांना खुलं केलं १९२५ साली, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी ते शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या गोल गॅलऱ्यांच्या तीन मजली इमारती पुढच्या वीसेक वर्षांत उठल्या. आजोबांनी ना पाण्याची वेळ विचारली ना उन्हाची. आले, पागडी दिली, बिछाना टाकला. पाहणीकरांना हे सांगितलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. "आणि निभावलं?" असं त्यांनी विचारलं, एखाद्यानं दोराशिवाय कडा उतरल्याचं ऐकावं तसं.

त्यांचा सिद्धांत साधा होता. घर बघायचंच नसतं. घर काय, रंग दिला की सगळीच बरी दिसतात. बघायची गल्ली. आणि तीही रविवारी सकाळी नाही. "रविवारी सकाळी गल्ली म्हणजे पोहे घेऊन आलेली नवरी. गल्ली बघायची तर मंगळवारी रात्री अकराला. केस मोकळे सुटलेले, आवाज चढलेला. तेव्हा जी आवडेल ती खरी." म्हणून ते मंगळवारी रात्री अकरालासुद्धा येत. पंचाईत एवढीच, की आमच्या गल्लीत मंगळवारी रात्री अकराला केस मोकळे सोडलेलं असं काही सापडेना. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा रेडिओ आणि एक कुत्रा. पाहणीकरांनी दोन्हींच्या वेळा टिपून घेतल्या.

वहीत रकाने होते. पाणी, धूळ, आवाज, वाणी, डॉक्टर, कावळे. कावळे कशाला, हे मी विचारलं तर म्हणाले, "श्राद्धाला लागतात. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा." शेवटचा रकाना स्मशानाचा. भागोजीशेठ कीरांनी बांधलेली स्मशानभूमी आमच्यापासून चालत किती, ते त्यांनी तपासून ठेवलं होतं. "सात मिनिटं. खांदे बदलत गेलं तर नऊ." आम्ही सगळे तिथूनच जायचे, पण मिनिटं कुणी मोजली नव्हती. त्यानंतर महिनाभर माझे वडील त्या बाजूला फिरायला जाईनात.

मैदानाचा कट्टा त्यांनी पावलांनी मोजला. घेरा पावणेबाराशे मीटरच्या आसपास आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं. पाहणीकरांचा आकडा सोळाशे वीस पावलं, आणि उलट्या बाजूनं गेलं तर सोळाशे एकवीस. त्या एका पावलानं त्यांना दोन रविवार छळलं. शेवटी शोध लागला की उलट्या फेरीत उद्यान गणेशाच्या देवळापाशी चप्पल काढताना एक पाऊल जास्तीचं पडतं.

धुळीचं प्रकरण मात्र आमच्या घरात शिरलं. पार्काची लाल माती उन्हाळ्यात कुठं कुठं जाते हे पार्काला राहणाऱ्यालाच माहीत. पोह्यांत जाते, हार्मोनियमच्या भात्यात जाते, देवाच्या डोळ्यांत जाते. एप्रिलमध्ये पाहणीकरांनी एक कोरा पांढरा रुमाल आमच्या खिडकीत टाचण्यांनी ताणून लावला. पंधरा दिवसांनी तो काढून ते मागच्या वर्षीच्या रुमालाशेजारी ठेवणार होते. मागच्या वर्षीचा त्यांनी पहिल्या मजल्यावर लावला होता; आता मजल्यागणिक फरक काढायचा होता. चौदाव्या दिवशी आमच्या बायकोनं तो रुमाल बघितला. पाहुण्याचा रुमाल असा मळका बघवेना तिला. तिनं तो धुतला, नीळ घातली, इस्त्री केली आणि रविवारी बशीत ठेवून त्यांच्यापुढे केला.

पाहणीकर बराच वेळ त्या घडीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, एप्रिल गेला."

पावसाळ्याचं म्हणाल तर तो निघाला, पण एका पावसाळ्यानं त्यांचं भागेना. पहिला कमी पडला. दुसरा सरासरीइतका, म्हणजे ज्यावरून काहीच कळत नाही असा. तिसरा २००५ चा. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. साऱ्या मुंबईला त्या दिवशी माणसांची काळजी होती. पाहणीकरांना पुढची काही वर्षं हा प्रश्न होता की पार्काला मग नेमका किती? सांताक्रूझच्या बाजूचा की कुलाब्याच्या? लोकल सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी ते मीटरची टेप घेऊन हजर. इमारतींच्या भिंतींवरच्या ओलीच्या रेघा मोजत गल्लीभर फिरले. त्यांची स्वतःची डोंबिवली त्या दिवशी कशी होती, असं मी विचारलं. "हो, तिकडेही होतं म्हणे पाणी," म्हणाले आणि वाकून आमच्या जिन्याची पहिली पायरी मोजू लागले.

आवाजाचा रकाना सर्वांत जाड होता. सभा, मेळावे, क्रिकेटच्या मॅचेस, बंगाली मंडळींची दुर्गापूजा. दसऱ्याच्या मेळाव्याला ते दर शंभर पावलांवर दोन मिनिटं उभे राहत आणि शब्द कळतो की नुसता सूर कळतो, हे लिहीत. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयानं मैदान शांतता क्षेत्र ठरवलं तेव्हा आम्हा रहिवाशांना वाटलं, हा माणूस पेढे घेऊन येईल. आले ते सुतकी चेहऱ्यानं. सात वर्षांची आकडेवारी एका निकालानं रद्दीत गेली होती. "आता सगळं पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि माझी खात्री आहे की सुतकी चेहऱ्यामागे ते मनातून सुखावले होते.

सहा डिसेंबरलाही ते असेच वही घेऊन आले होते. चैत्यभूमीला देशभरातून लाखो माणसं येतात. त्या गर्दीचा गल्लीवर होणारा परिणाम त्यांना नोंदायचा होता. सकाळी नऊला आत गेले ते संध्याकाळी बाहेर पडले. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या, वही पिशवीच्या तळाशी. मैदानावर ओळीनं पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं ते अडकले होते. रकाना कोराच राहिला. पुढच्या वर्षापासून सहा डिसेंबरला ते वही आणीनात, नुसत्या रिकाम्या पिशव्या आणत. सगळ्या पाहणीत एवढी एकच गोष्ट त्यांनी न मोजता पसंत केली.

होता होता असं झालं की गल्लीला ते आमच्यातलेच वाटायला लागले. धुळीच्या तक्रारीवर सह्या घेणारे त्यांची सही घेऊ लागले. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या त्यांच्या नावानं फाटू लागल्या. पत्ता विचारणारे आम्हाला सोडून त्यांना विचारत, आणि त्यात चूक काही नव्हती. आमचा नेहमीचा इस्त्रीवाला कोपऱ्यावरून आतल्या गल्लीत गेला हे मला त्यांच्याकडून कळलं. डिसेंबर २०२३ मध्ये दादर स्टेशनचे फलाट नव्यानं मोजले गेले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला, तेव्हा दादरला जन्मलेल्या मला तो आठ नंबर कुठला, ते डोंबिवलीच्या माणसानं कागदावर काढून दिलं. बोलण्यातही ते तरबेज झाले. बाहेरचा माणूस 'शिवाजी पार्क ग्राउंड' म्हणतो. आम्ही नुसतं 'पार्क' म्हणतो. पाहणीकर काहीच म्हणत नसत, नुसती मान त्या दिशेला झुकवत.

मी एकदा त्यांना डिवचलं होतं. सचिन तेंडुलकर लहानपणी वांद्र्याहून सरावासाठी इकडे काका-काकूंकडे राहायला आला, त्यानं काय पाण्याची वेळ विचारली होती? पाहणीकर म्हणाले, "त्याला घर बदलायचं नव्हतं, मैदान गाठायचं होतं. आणि शिवाय काकू होत्या." मग थोडं थांबून, "माझी इथं काकू नाही ना. म्हणून मोजावं लागतं." मी नंतर बराच वेळ गप्प होतो.

दर मात्र थांबायला तयार नव्हते. वहीच्या पहिल्या पानावर 'दोन बेडरूम, मैदानासमोर' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पाच वर्षांनी तिथं 'मैदानासमोर' वर काट मारून 'मैदानाजवळ' आलं. मग दोनाची एक झाली. मग 'स्वयंपाकघर आणि खोली'. मग 'भाड्यानं चालेल'. एका वर्षी नुसतंच 'पार्किंगची जागा?' असं प्रश्नचिन्हासकट होतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती.

आणि तरी एकदा योग आला होता. आमच्या मागच्या इमारतीतली तळमजल्यावरची दीड खोली, मालक ओळखीचा, पागडीचा आकडा पाहणीकरांच्या फंडात बसणारा. मीच मध्यस्थी केली. पाहणीकरांनी वही उघडली. पाणी ठीक. आवाज ठीक. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी. मासळीबाजार सिटीलाइटला, चालत जाता येईल एवढ्यावर. कावळे भरपूर. मालक आणि मी श्वास रोखून बसलो होतो. त्यांनी वही मिटली, गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तळमजल्याचा मी कधी विचारच केला नव्हता. एक पावसाळा काढू दे."

ऑगस्टमध्ये एक तरुण जोडपं आलं. अकरा मिनिटं आत होतं. जाताना टोकन देऊन गेलं. पाहणीकर समोरच्या फुटपाथवरून बघत होते. "वर मान करून बघितलंसुद्धा नाही हो," ते मला म्हणाले. "दोरीकडे. एकदाही!"

यानंतर आमचीच पाळी आली. इमारत सेसची, मोडकळीला आलेली, पुनर्विकासात गेली. बिल्डर छत्तीस महिन्यांचं भाडं देणार होता, आणि त्या भाड्यात पार्काला मिळालं असतं ते पाहणीकरांच्या वहीतलं पार्किंग. बायकोची बहीण डोंबिवलीला. तिनं तिथं एक फ्लॅट बघून ठेवला. माझ्या पोटात गोळा आला. ऐंशीहून जास्त वर्षांत आमच्या घराण्यात घर बदलायची वेळ कुणावर आली नव्हती; बदलायचं असतं कसं, हेच ठाऊक नव्हतं. पण मग एकदम आठवलं की आपल्याला त्यातला जाणकार माहीत आहे, आणि तो डोंबिवलीचाच आहे.

रविवारी कट्ट्यावर गाठलं. मी शेजारच्या दुकानातून एक लांब वही घेतली होती. जरा लाजतच ती उघडली.

"डोंबिवली पूर्वेला पाणी किती वाजता येतं?"

पाहणीकर मैदानाकडे बघत होते. "येतं की," म्हणाले.

"पण किती वाजता?"

"सकाळी... हिला माहीत असेल."

"धूळ?"

"असावी."

"तुमच्या घरापासून स्टेशन चालत किती?"

"शेअर रिक्षानं जातो."

"दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मोठी गर्दी लोटते म्हणतात. आपल्या घरापर्यंत आवाज येतो?"

"दिवाळीच्या पहाटे मी इथं असतो ना. कंदील मोजायला."

गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीनं १९९९ साली सुरू केली आणि तिथून ती गावोगाव गेली. ती बघायला आमच्या गल्लीतले लोक लोकलनं जाऊन आले होते. पाहणीकरांनी ती पाहिली नव्हती. पाडव्याला सुट्टी असते, म्हणजे ते पार्कात. एकतीस वर्षं राहत होते तिथं. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले आणि वही मिटली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, "एक पावसाळा काढू दे." त्यावर ते हसले नाहीत. खरंच विचार करत होते.

शेवटी पुढच्या रविवारी मीच गेलो. दुपारी उशिरा पोचलो. स्टेशनवरून चालत निघालो आणि मिनिटं मोजली: सतरा, रस्ता चुकून. त्यांच्या इमारतीखाली उभा राहून वर बघू लागलो. दुसऱ्या मजल्यावर दोरी, तिच्यावर दोन पंचे आणि एक परकर. ऊन अजून होतं. वहीत वेळ लिहिली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ बनियनवर बाहेर आले.

"महापालिकेतून का?"

मी पाहणीकरांचं नाव सांगितलं. त्यांना ते लक्षात येईना. मग आतून कुणीतरी बाई ओरडल्या, "अहो, ते नाही का, दर रविवारी दादरला जातात! उद्यान गणेशाचा नवस आहे त्यांचा." ते गृहस्थ ओशाळले. "फार कडक नवस आहे हो. वीस वर्षं बघतोय."

वर वहिनी गवार मोडत बसल्या होत्या. हे नाहीत, म्हणाल्या, पार्कात गेलेत. पण बसा भाऊजी. मी वही काढली. त्यांनी गवारीवरची नजर न उचलता सगळं सांगितलं. पाणी साडेपाचला, सणाला पाच, शुक्रवारी भरवसा नाही. एमआयडीसीकडचा वास वारा फिरला की येतो, तेव्हा ही खिडकी लावायची आणि ती उघडायची. दाताचा डॉक्टर चांगला, डोळ्यांचा उगाच. खालच्या वाण्याचा तांदूळ घ्या, डाळ घेऊ नका. बाई कामाला हवी असेल तर उद्याच पाठवते. सगळं मिळून तीन मिनिटं गेली असतील.

"आणि कपड्यांवर ऊन कधी येतं?" मी विचारलं.

"कपडे वाळतात भाऊजी. ऊन कोण बघायला जातंय?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पाहणीकर. मागून हातोड्यांचे घाव ऐकू येत होते आणि ते त्यावरून ओरडून बोलत होते.

"अहो, मी तुमच्या बिल्डिंगखाली उभा आहे. तुमचा मजला आज पूर्ण उतरला. ऐकताय ना? समोरच्यांच्या दोरीवरचं ऊन आधी तीनला जायचं. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत आणि अजून आहे! तुम्ही कुठं आहात?"

मी सांगितलं, तुमच्याच घरी.

जरा वेळ नुसते हातोडे वाजत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कशी काय वाटली वस्ती?"